जाळ सारणारे क्रियापद

गेल्या महिन्याच्या सदरात 'किंडल' आणि 'इग्नाइट' या दोन इंग्रजी क्रियापदांविषयी लिहिताना ओघात मी एक वाक्य लिहून गेले होते, की 'स्टोक' हे क्रियापद या दोघांच्या शेजारी राहत असले तरी त्यांच्या घरातले नाही. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली, की हा शब्द पुष्कळांना अडलेला आहे हे उघड झाले. म्हणून या महिन्याचे सदर त्याच एका क्रियापदासाठी राखून ठेवले आहे. पत्रे लांब होती. त्यांतला प्रश्न तेवढा येथे दिला आहे.

प्रश्न: आदरणीय बाई, मी लातूरला राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करतो. एका सराव प्रश्नपत्रिकेत 'स्टोक' या शब्दाला सर्वांत जवळचा पर्याय निवडायचा होता. मी 'किंडल' निवडला, कारण माझ्या मोबाइलमधल्या शब्दकोशात दोन्ही शब्दांपुढे 'पेटवणे' असाच अर्थ दिला आहे. माझे उत्तर चूक ठरले आणि 'फ्युएल' हे उत्तर बरोबर धरले गेले. या दोन्हींत फरक तो काय? — एक विद्यार्थी, लातूर

उत्तर: उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांचे बरोबर आहे. आपला फार दोष आहे असे मात्र मी म्हणणार नाही, कारण ज्या शब्दकोशाने दोन्ही शब्द एकाच मापाने मोजले त्याने आपल्याला अर्ध्या वाटेवर सोडले. फरक ओळखण्यासाठी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: ही क्रिया सुरू होण्यापूर्वी आग होती की नव्हती? 'किंडल' आणि 'इग्नाइट' यांच्या आधी आग नसते. काडी ओढली जाते, ठिणगी पडते आणि जे नव्हते ते होते. 'स्टोक'च्या आधी आग असावीच लागते. विझलेल्या चुलीला कोणी 'स्टोक' करू शकत नाही, तिला आधी पेटवावेच लागते.

पेटलेल्या आगीचे पुढे काय करायचे, हा 'स्टोक'चा विषय आहे. त्यात दोन कामे एकत्र येतात. एक म्हणजे आगीला जळण घालणे, आणि दुसरे म्हणजे ती ढोसून, हलवून, साचलेली राख खाली पाडून तिला हवा मिळवून देणे. दुसऱ्या कामाकडे शब्दकोशांचे बहुधा दुर्लक्ष होते. आगीला जळण जितके लागते तितकीच हवाही लागते. निखाऱ्यांवर राखेची साय धरली की खाली लाकूड शिल्लक असूनही आग मंदावते, आणि अशा वेळी नुसते लाकूड घालत गेले तर धूर तेवढा वाढतो. 'फ्युएल' या क्रियापदात फक्त जळण पुरवणे आहे, ढोसणे नाही. म्हणून तो शब्द 'स्टोक'च्या जवळचा आहे, अगदी तोच नव्हे. दिलेल्या चार पर्यायांत मात्र तोच सर्वांत जवळचा होता.

व्याकरणाची एक गोष्ट येथेच सांगून टाकते. या क्रियापदाचे कर्म आगही असू शकते आणि आग ज्यात आहे ती वस्तूही असू शकते. इंग्रजीत शेकोटी 'स्टोक' करता येते आणि भट्टी, बॉयलर किंवा शेगडीही करता येते. आपण 'विस्तव पेटवला' म्हणतो आणि 'चूल पेटवली' असेही म्हणतो, तसेच हे आहे. कोणते जळण घातले हे सांगायचे असेल तर त्यापुढे 'विथ' येते.

प्रश्न: बाई, इंग्रजीत जे एका शब्दात होते त्याला मराठीत एक शब्द का असू नये? आमच्याकडे जुन्या बायका 'लाकूड सार', 'जाळ सार' म्हणत. 'स्टोक'ला 'सारणे' म्हटले तर चालेल का? — एक प्राथमिक शिक्षिका, अंबाजोगाई

उत्तर: चालेल, आणि माझ्या मते शब्दकोशातल्या 'पेटवणे'पेक्षा कितीतरी चांगले चालेल. परंतु 'सारणे' हा 'स्टोक'चा एक हात आहे, दोन्ही हात नव्हेत. मराठीत हा एक शब्द नाही याचे मला वाईट वाटत नाही. आपल्याकडे त्याच्या जागी पाच-सहा शब्द आहेत आणि चुलीपुढे बसलेल्या बाईला ते सगळे लागत असत.

कळंब तालुक्यातल्या आमच्या घरी आजी ज्वारीच्या भाकरी करी, ते मी जवळ बसून पाहिले आहे. जळण म्हणून पळाट्या, तुराट्या, गोवऱ्या आणि थोडी बाभळीची लाकडे असत. पळाटी भसकन पेटते आणि तितक्याच लवकर संपते. बाभूळ उशिरा धरते पण तिचा निखारा टिकतो. गोवरी धुमसत राहते. तवा तापेपर्यंत आजी पळाट्या आत सारत राही, कारण तेव्हा तिला जाळ हवा असे. भाकरी तव्यावर पडली, तिच्यावर पाण्याचा हात फिरला आणि ती उलटली, की ती लाकूड किंचित मागे ओढी, म्हणजे जाळ तव्याबाहेर जात नसे. दुसरी बाजू होत आली की चिमट्याने निखारे चुलीच्या तोंडाशी पुढे ओढी आणि भाकरी त्या आराला उभी लावी. ती टम्म फुगे. तेवढ्यात वैलावरच्या कोरड्यासाची उकळी मंदावली, तर डाव्या हाताने तिकडचे लाकूड ढोसून दोन ठिणग्या उडवी आणि फुंकणीने एकच लांब फुंक मारी. हे सगळे चालू असताना उजवा हात पुढची भाकरी थापण्यात असे.

या पाच मिनिटांत सारणे, ओढणे, ढोसणे, फुंकणे आणि निखारे फुलवणे अशी पाच क्रियापदे होऊन गेली. इंग्रजीत यांपैकी सारणे आणि ढोसणे ही दोन्ही निःसंशय 'स्टोक'मध्ये येतात. फुंकणे आणि वारा घालणे यांसाठी 'ब्लो' आणि 'फॅन' असे वेगळे शब्द आहेत. निखारे ओढण्याला 'रेक' म्हणतात, आणि नुसते टोचून हलवण्याला 'पोक' म्हणतात. म्हणून भाषांतर करताना आधी चुलीत काय चालले आहे ते डोळ्यांपुढे आणावे. जळण घातले जात असेल तर 'सारणे' किंवा 'जाळ घालणे', मंदावलेली आग हलवली जात असेल तर 'ढोसणे', आणि दोन्ही मिळून आग वाढवली जात असेल तर 'जाळ वाढवणे' किंवा 'आग फुलवणे' असे लिहावे.

या शब्दाच्या कुळाची गोष्टही याच प्रश्नाला जोडून सांगते, कारण ती ऐकून आपल्याला आनंद होईल. इंग्रजीत 'स्टोक' हे क्रियापद आधी आले नाही, आधी 'स्टोकर' हे नाम आले. सतराव्या शतकात इंग्रजांनी डच भाषेतून 'स्टोकर' म्हणजे भट्टीत जाळ घालणारा माणूस हा शब्द उचलला, आणि 'स्टोकर' आहे तर तो जे करतो ते 'स्टोक' असणार, अशा उलट्या वाटेने त्याच शतकात क्रियापद तयार केले. 'एडिटर'वरून 'एडिट' हे क्रियापद असेच झाले आहे. मूळ डच क्रियापदाचा जुना अर्थ ढोसणे, टोचणे असा होता आणि त्याचे नाते काठीसाठी असलेल्या डच शब्दाशी आहे. आजही डच भाषेत दात कोरण्याच्या काडीला 'टांडनस्टोकर' म्हणतात, म्हणजे दात ढोसणारा. आणि भांडणे लावत फिरणाऱ्या माणसासाठीही त्या भाषेत याच क्रियापदापासून झालेला शब्द आहे. आपल्याकडे काडीने दात कोरतात, काडीने चूल पेटवतात आणि दोन घरांत कोणी काडी लावून देतो. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकाच काडीला ही कामे दिली, याचे मला दर वेळी नव्याने अप्रूप वाटते.

प्रश्न: मी छत्रपती संभाजीनगरच्या एका दैनिकात उपसंपादक आहे. वृत्तसंस्थांच्या इंग्रजी बातम्यांत 'स्टोक टेन्शन', 'स्टोक फिअर', 'स्टोक इन्फ्लेशन' हे शब्दप्रयोग रोज येतात. आम्ही सरसकट 'तणाव निर्माण केला', 'भीती निर्माण केली' असे लिहितो. आपल्या मागच्या सदरानंतर हे चुकत असावे अशी शंका आली. — एक उपसंपादक

उत्तर: आपली शंका रास्त आहे, आणि या महिन्याच्या सर्व प्रश्नांत मला हा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. येथे चुकीच्या शब्दाने वाक्य तर बिघडतेच, शिवाय ज्याच्याविषयी ते लिहिले आहे त्या माणसावर अन्यायही होतो.

'तणाव निर्माण केला' याचा अर्थ तणाव आधी नव्हता आणि या व्यक्तीने तो आणला. इंग्रजी वाक्यात 'स्टोक' असेल तर बातमीदाराचे म्हणणे तसे नसते. त्याचे म्हणणे असते, की तणाव आधीपासून होता, आणि या भाषणाने, या अफवेने किंवा या निर्णयाने त्यात भर घातली. पहिली काडी लावणारा आणि पेटलेल्यात लाकूड सारणारा हे दोघेही जबाबदार असू शकतात, पण त्यांची जबाबदारी एकच नव्हे, आणि वाचकाला हा फरक कळण्याचा हक्क आहे. आधीची आग कोणाची होती, ती किती दिवस धुमसत होती, हा प्रश्न 'निर्माण केला' या शब्दांनी कायमचा पुसला जातो. तरुणपणी मी एका स्थानिक वृत्तपत्रासाठी इंग्रजी मजकुराची भाषांतरे करत असे. तेव्हा एका गावातल्या पाण्याच्या वादाविषयीच्या मजकुरात मी 'स्टोक'साठी 'वाद पेटवला' असे लिहिले होते. ज्यांच्याविषयी ते होते ते गृहस्थ स्वतः येऊन मला शांतपणे म्हणाले, 'ताई, वाद तीन उन्हाळे चालू हाय. मी त्यात बोललो हे खरं, पण पेटवला मी न्हाई.' त्यांचे बरोबर होते आणि मूळ इंग्रजी वाक्यही त्यांच्याच बाजूचे होते. ती चूक मी विसरलेले नाही.

आता उपाय. सर्वांत साधा उपाय म्हणजे 'आणखी' आणि 'वाढवणे' हे दोन शब्द. 'अफवांमुळे शहरात तणाव निर्माण झाला' याऐवजी 'अफवांनी शहरातला तणाव आणखी वाढवला' असे लिहिले की अर्थ जागेवर येतो. 'शहरातला' हा शब्द तणाव आधीचा आहे हे गुपचूप सांगून जातो. दुसरा उपाय आपल्या भाषेच्या रचनेतच आहे. 'पेटवणे' म्हणजे आग नव्हती ती केली. पण 'पेटते ठेवणे', 'धुमसत ठेवणे', 'धगधगत ठेवणे' म्हटले की आग आधीची होते आणि करणाऱ्याच्या हाती फक्त तिची राखण उरते. 'ठेवणे' हे छोटेसे सहायक क्रियापद येथे इंग्रजीतल्या संपूर्ण शब्दाचे काम करते. वाद विझू नये म्हणून कोणी वरचेवर काहीतरी बोलत असेल, तर 'त्यांनी हा वाद धुमसत ठेवला' यापेक्षा नेमके वाक्य मला सुचत नाही.

वाक्प्रचारांपैकी 'आगीत तेल ओतणे' हा सर्वांच्या लेखणीवर पहिला येतो. तो चुकीचा नाही, परंतु तेल एकदा ओतले जाते आणि भडका एकदम होतो. 'स्टोक'मध्ये पुन्हा पुन्हा करण्याचा आणि धीराने करण्याचा अर्थ आहे. एका भाषणाने एका संध्याकाळी जे झाले त्याला तेल ओतणे म्हणावे. महिनोन्महिने जे चालले त्याला 'खतपाणी घालणे' म्हणावे. हा वाक्प्रचार आगीचा नाही, शेतीचा आहे, पण सातत्याचा अर्थ त्यात अधिक खरा उतरतो. 'भीतीला खतपाणी घातले', 'गैरसमजांना खतपाणी घातले' ही मराठवाड्यातल्या कोणत्याही वाचकाला जवळची वाटतील अशी वाक्ये आहेत. 'चिथावणे' मात्र जपून वापरावे. मराठीत आपण माणसाला किंवा जमावाला चिथावतो, रागाला किंवा भीतीला नव्हे. 'स्टोक'चे कर्म याच्या उलट भावना असते, माणूस नव्हे. 'त्यांनी जमावाला चिथावले' हे 'इन्साइट' या वेगळ्या इंग्रजी शब्दाचे भाषांतर आहे आणि कायद्याच्या भाषेत त्याचे वजन फार निराळे आहे.

महागाईचे वाक्य सोपे आहे, कारण महागाई आपल्याकडे मुळातच भडकते. 'इंधनाच्या दरवाढीने महागाईचा भडका आणखी वाढवला' असे लिहावे.

एक गोष्ट मात्र उपसंपादकांनी विसरू नये. वृत्तपत्रांत 'स्टोक' बहुधा वाईट भावनांसोबत दिसतो म्हणून तो शब्दच वाईट आहे असे नव्हे. शिक्षक मुलांच्या कुतूहलाला 'स्टोक' करतात, एखादे यश गावाच्या जिद्दीला 'स्टोक' करते. तेथे 'भडकवणे' लिहिले तर अनर्थ होईल. 'कुतूहल जागते ठेवले', 'जिद्दीला बळ दिले', 'उमेद वाढवली' असे लिहावे.

प्रश्न: माझे आजोबा पूर्णा जंक्शनच्या लोको शेडमध्ये मीटरगेजच्या वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. ते कोळसा टाकत. मग ते 'स्टोकर' का नव्हते? आणि आग विझवणाऱ्यालाही 'फायरमन'च का म्हणतात? — एक वाचक, पूर्णा, जि. परभणी

उत्तर: काम तेच, हुद्द्याचे नाव वेगळे. इंग्रजी वहिवाटीत जहाजावरच्या आणि कारखान्यातल्या बॉयलरपाशी जाळ घालणाऱ्याला 'स्टोकर' म्हणण्याचा प्रघात पडला आणि रेल्वेच्या इंजिनावरच्या माणसाला 'फायरमन'. ब्रिटिश आरमारात तर 'स्टोकर' हा अधिकृत हुद्दा होता. आपल्याकडे याला तिसरा आणि मला फार आवडणारा शब्द होता: 'आगवाला'. बोटीवर काम करणाऱ्या हिंदुस्थानी खलाशांत भट्टीपाशी राबणाऱ्यांना आगवाले आणि त्यांच्यापर्यंत कोळसा वाहून आणणाऱ्यांना कोयलावाले म्हणत, आणि रेल्वेतही 'आगवाला' हा शब्द हुद्दा म्हणून चालत होता. आपल्या आजोबांच्या जुन्या कागदपत्रांत तो सापडला तर आश्चर्य वाटून घेऊ नये.

'फायरमन' या शब्दात दोन उलट कामे सामावली आहेत, हे आपले निरीक्षण खरे आहे. तो शब्द 'आगीशी संबंध असलेला माणूस' एवढेच सांगतो. ती आग वाढवायची की विझवायची हे नोकरी ठरवते. 'स्टोकर'मध्ये तशी संदिग्धता नाही, तो विझवणारा कधीच नसतो.

आजोबांच्या कामाविषयी दोन शब्द अधिक लिहावेसे वाटतात, कारण 'स्टोक'मध्ये किती कौशल्य आहे हे त्यांच्यासारख्यांनी जितके ओळखले तितके कोणी ओळखले नसेल. इंजिनाच्या भट्टीत कोळशाचा ढीग घालून मोकळे होता येत नाही. फावड्याने थोडा थोडा कोळसा, वारंवार, जाळीवर सगळीकडे सारखा पडेल असा फेकावा लागतो. एका कोपऱ्यात थर जाड झाला तर तेथे हवा पोहोचत नाही आणि दुसरीकडे पातळ झाला तर तेथून थंड हवा आत शिरते. भट्टीचे दार उघडे राहील तितकी उष्णता वाया जाते, म्हणून दार उघडणे, फेकणे आणि मिटणे हे एका लयीत व्हावे लागते. कोळशातली राख वितळून जाळीवर तिचे दगड धरले की ते लांब सळईने फोडून काढावे लागतात. डच मूळ शब्दातले ते ढोसणे हेच. आणि चढ लागण्यापूर्वीच आग तयार ठेवावी लागते, चढ लागल्यावर फार उशीर झालेला असतो. धुराड्यातून काळाकुट्ट धूर निघाला तर लांबून पाहणाऱ्याला इंजिन जोरात आहे असे वाटे, पण फायरमनला ठाऊक असे की कोळसा जास्त आणि हवा कमी झाली आहे.

प्रश्न: मी बीड जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात बॉयलर विभागात आहे. आमच्या बॉयलरला 'स्प्रेडर स्टोकर' आहे, म्हणजे यंत्र आहे, माणूस नाही. हंगामाच्या आधी 'बॉयलर अग्निप्रदीपन' होते. त्याला 'स्टोकिंग' म्हणावे का? — एक कामगार

उत्तर: म्हणू नये. अग्निप्रदीपन म्हणजे बॉयलरमध्ये पहिला अग्नी देणे. ते 'किंडल' किंवा 'लाइट' आहे. त्यानंतर गव्हाणीत मोळी पडून गाळप सुरू होते आणि हंगाम संपेपर्यंत रात्रंदिवस आपण जे करता ते 'स्टोकिंग' आहे. समारंभाचे फोटो पहिल्या दिवसाचे निघतात, जाळ मात्र पुढचे कित्येक महिने घालावा लागतो.

माणसाचे नाव यंत्राला मिळणे ही भाषेतली नित्याची गोष्ट आहे. 'कॉम्प्युटर' हा शब्दही पूर्वी आकडेमोड करणाऱ्या माणसासाठी होता. आपला स्प्रेडर स्टोकर बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, भट्टीत उधळतो, त्यातला हलका भाग हवेतच जळतो आणि उरलेला जाळीवर पडून जळतो. फावड्याने सारखा थर पसरवण्याचे जे काम पूर्ण्याचा फायरमन करत होता, तेच येथे यंत्र करते, म्हणून नाव योग्यच आहे. जुन्या गुऱ्हाळात चुलवाणाच्या तोंडाशी बसून उसाची वाळलेली चिपाडे आत सारणारा गडी हा या यंत्राचा पूर्वज म्हणायला हरकत नाही. काहिलीतल्या रसाला केव्हा जाळ वाढवून हवा आणि केव्हा आवरून हवा हे गुळव्याच्या आवाजावरून त्याला कळे.

प्रश्न: क्रिकेटपटू बेन स्टोक्स, भौतिकशास्त्रातला स्टोक्सचा नियम आणि इंग्लंडमधले स्टोक-ऑन-ट्रेंट हे शहर, यांचा या क्रियापदाशी संबंध आहे का? — एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर: नाही. जुन्या इंग्रजीत 'स्टोक' म्हणजे स्थान, वाडी, मुख्य गावापासून फुटून निघालेली वस्ती. इंग्लंडमध्ये या नावाची कितीतरी गावे आहेत आणि स्टोक्स हे आडनाव त्यांवरून पडले आहे, जसे आपल्याकडे गावाला 'कर' जोडून आडनाव होते. नियम मांडणारे जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स हे एकोणिसाव्या शतकातले शास्त्रज्ञ. त्यांचेही आडनाव याच जातीचे. स्टोक-ऑन-ट्रेंटच्या बाबतीत मात्र फसायला होते, कारण ते शहर चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि तेथल्या बाटलीच्या आकाराच्या कोळशाच्या भट्ट्यांत पिढ्यान् पिढ्या जाळ घातला गेला. तरीही हा योगायोगच आहे; नाव भट्ट्यांहून फार जुने आहे.

उच्चाराविषयी एवढेच, की हा 'स्टोक' आहे, 'स्टॉक' नव्हे आणि 'स्ट्रोक'ही नव्हे. देवनागरीत ओ आणि ऑ वेगळे लिहिण्याची सोय आहे, तिचा लाभ घ्यावा.

प्रश्न: माझी मुलगी पुण्याला नोकरीला लागली. तिने संदेशात 'आय अॅम सो स्टोक्ड' असे लिहिले. वर दिलेल्या अर्थांनी पाहता मुलगी रागाने पेटली आहे असे वाटून मी रात्रभर काळजीत होतो. — एक वडील, हिंगोली

उत्तर: काळजी सोडावी. ती अतिशय आनंदात आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत समुद्राच्या लाटांवर फळीवरून स्वार होणाऱ्या तरुणांच्या बोलीत हा अर्थ रुजला आणि नंतर सर्वत्र पसरला: आतला जाळ चांगला फुलला आहे, उत्साह मावत नाही. आपण ज्याला 'हुरूप आला' किंवा 'हरखून गेले' म्हणतो तेच हे. हा अर्थ अनौपचारिक आहे. नोकरीच्या अर्जात तो लिहू नये, वडिलांना अवश्य लिहावा. माणूस हे या क्रियापदाचे कर्म होऊ शकते ते एवढ्या एका बोलीत, हे वर उपसंपादकांना दिलेल्या उत्तराला पूरक म्हणून नोंदवते.

याच्या जवळचा आणखी एक बोलीतला उपयोग म्हणजे 'स्टोक अप', पुढे कष्टाचे काम आहे म्हणून आधी भरपेट खाऊन घेणे. पहाटे खुरपायला निघताना दोन भाकरी जास्त खाल्ल्या जातात, ते हेच. पोटातल्या अग्नीला जठराग्नी म्हणणाऱ्या भाषेला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

प्रश्न: आमच्या लहानपणी काडेपेटी वाचवण्यासाठी रात्री विस्तव राखेत झाकून ठेवत, आणि तो गेलाच तर शेजारी गोवरीचा तुकडा घेऊन विस्तव मागायला पाठवत. या झाकून ठेवण्याला इंग्रजीत शब्द आहे का, की तोही 'स्टोक'च? — एक ज्येष्ठ वाचक, भूम, जि. धाराशिव

उत्तर: तो 'स्टोक' नव्हे, त्याच्या उलट टोकाचा शब्द आहे, 'बँक'. पैशांची बँक नव्हे; नदीच्या काठालाही जो शब्द आहे, त्यातला बांध घालण्याचा, ढीग रचण्याचा अर्थ येथे आहे. निखाऱ्यांवर राख किंवा बारीक कोळसा रचून हवा कमी करायची, म्हणजे आग विझतही नाही आणि जळूनही जात नाही. रेल्वेच्या शेडमध्ये उभ्या इंजिनातली आगही रात्री अशीच राखून ठेवत. मराठीत राखेला 'रक्षा' असेही म्हणतात, आणि रात्रभर विस्तवाचे रक्षण तीच करते, हे आपल्या पत्रामुळे माझ्या नव्याने ध्यानात आले.

दोन घरांत अबोला धरला की 'त्यांच्यात विस्तव जात नाही' असे आपण अजूनही म्हणतो, आणि तो विस्तव म्हणजे आपण लिहिलेला गोवरीच्या तुकड्यावरचाच. आजच्या मुलांना हा वाक्प्रचार भांडणाच्या आगीविषयीचा वाटतो आणि ती त्याचा उलटा अर्थ लावतात, म्हणून तो शिकवताना आपली आठवण आधी सांगावी.

भाषांतरासाठी एवढे लक्षात ठेवावे, की इंग्रजीत राग 'बँक' केलेला असेल तर तो शांत झालेला नसतो. 'राग निवळला' असे लिहू नये. 'राग आत दाबून ठेवला' असे लिहावे. सकाळी चिमट्याने राख बाजूला करून आत लाल ठिपका दिसला, त्यावर पळाटीचा चुरा ठेवून फुंकर घातली आणि बारीक काड्या एकेक करून आत सारल्या, की तेथून पुढचे काम 'स्टोक'चे.